इंजिनाचा वैद्य आणि शिशाचा धूर

ताडकळससारख्या मोठ्या गावातल्या गॅरेजात पन्नास-साठ वर्षांची पेट्रोल जीप आली की जाणता मिस्त्री लगेच पाना हातात घेत नाही. आधी इंजिन सुरू करायला सांगतो आणि कान देऊन ऐकतो. काही जण लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाच्या हेडवर टेकवून त्याची मूठ कानाला लावतात. डॉक्टरांचा स्टेथोस्कोप वेगळे काय करतो?

या ऐकण्यात दोन आवाज वेगळे ओळखावे लागतात. पहिला व्हॉल्व्हचा. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला हवा-पेट्रोल आत घेणारा एक आणि जळका धूर बाहेर सोडणारा एक असे किमान दोन व्हॉल्व्ह असतात. त्यांना ढकलणाऱ्या टॅपेटमध्ये थोडी फट मुद्दाम ठेवलेली असते, कारण तापल्यावर धातू लांबतो. ही फट झिजेने वाढली की टकटक असा हलका, एका लयीतला आवाज येतो. दुसरा आवाज नॉकिंगचा. गाडी चढाला लागली, इंजिनावर भार पडला की आतून कुणी खडे मारत असल्यासारखा खणखणाट होतो. पहिल्या आवाजाला फिलर गेज आणि पाना पुरतो. दुसऱ्याचे मूळ इंधनाच्या जळण्यातच असते.

आणि एक तिसरी अवस्था असते, ती ऐकूच येत नाही. धूर सोडणारा व्हॉल्व्ह सातशे-आठशे अंशांपर्यंत तापतो आणि इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला २५ वेळा आपल्या बैठकीवर, म्हणजे सीटवर, आपटतो. जुन्या इंजिनांत ही सीट बहुधा हेडच्या किंवा ब्लॉकच्या साध्या बिडातच कोरलेली असते. ती झिजू लागली की व्हॉल्व्ह हळूहळू खोल बसतो. तो खोल गेला की टॅपेटमधली फट वाढत नाही, उलट कमी होते. इंजिन पूर्वीपेक्षा शांत वाटते आणि मालक खूश होतो. शेवटी फट संपते, व्हॉल्व्ह पूर्ण मिटेनासा होतो, तापलेला वायू त्या चिरेतून निसटतो आणि व्हॉल्व्हची कड जळते. सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही, एक सिलिंडर मिसिंग करतो, पिकअप जातो. मग कॉम्प्रेशन मोजतात. दाब कमी भरला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा; तसाच राहिला तर बहुतेक वेळा व्हॉल्व्हचा. वेगवेगळ्या रोगांची लक्षणे सारखी असली की वैद्यकातही असाच एखादा छोटा प्रयोग निदान ठरवतो.

सीट अशी झिजण्याचे एक कारण जुन्या गाड्यांच्या शौकिनांना पाठ असते. भारतात १ फेब्रुवारी २०००पासून सगळीकडे शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. त्याआधीच्या पेट्रोलमधले शिसे जळून त्याचा पातळ थर सीटवर बसायचा आणि दोन तापल्या धातूंमध्ये वंगणासारखा काम करायचा. तो थर गेला आणि मऊ बिडाची सीट उघडी पडली. आता एक प्रश्न उरतो. शिशाचे विष माणसाला हजारो वर्षांपासून माहीत होते. ते पेट्रोलमध्ये घालावे असे कुणाला आणि का वाटले? याचे उत्तर एका माणसाच्या आयुष्यात आहे. त्याचे नाव थॉमस मिजली.

मिजलींचा जन्म १८ मे १८८९ रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात बीव्हर फॉल्स या गावी झाला. वडील स्वतः संशोधक वृत्तीचे, मोटारींच्या टायरवर काम करणारे. मिजली १९११ साली कॉर्नेल विद्यापीठातून यंत्र अभियंता झाले. रसायनशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढे ते अमेरिकेच्या रसायनशास्त्रज्ञांच्या सर्वात मोठ्या संस्थेचे अध्यक्ष झाले. १९१६मध्ये ते ओहायोतल्या डेटन गावी चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. मोटारीचा हँडल मारण्याचा त्रास संपवणारा विजेचा स्टार्टर ज्यांनी दिला तेच हे केटरिंग.

केटरिंग तेव्हा एका आरोपाने वैतागले होते. मोटारींची इंजिने खणखणत आणि लोक त्याचा दोष केटरिंग यांच्या बॅटरीवर चालणाऱ्या ठिणगी-यंत्रणेला देत. शेतघरांना वीज पुरवणारे त्यांचे छोटे एक-सिलिंडरी इंजिन रॉकेलवर चालवले की तोच खणखणाट जास्त जोराने होई. आपल्याकडे पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचे शेतातले पंप ज्यांनी पाहिले आहेत, त्यांच्या कानात हा आवाज अजून असेल. दोष खरोखर कुणाचा हे शोधण्याचे काम सत्तावीस वर्षांच्या मिजलींकडे आले.

त्यांनी तर्क लढवत बसण्यापेक्षा इंजिनाच्या आत पाहायचे ठरवले. सिलिंडरला पारदर्शक खिडकी बसवली आणि आतल्या ज्वाळेचे वेगाने सरकणाऱ्या फिल्मवर चित्रण केले. दाब कसा चढतो तेही नोंदले. दिसले ते असे की ठिणगी वेळेवरच पडते, ज्वाला नीट पसरू लागते आणि अगदी शेवटी, उरलेले इंधन एकदम भडकून दाब उसळी घेतो. म्हणजे ठिणगी-यंत्रणा निर्दोष, आणि इंधन दोषी. रुग्णाच्या तक्रारीवरून गोळी न देता आधी एक्स-रे काढावा, तसे हे काम होते. मिजलींच्या पुढच्या आयुष्याबद्दल काहीही वाटले तरी या निदानाला दाद द्यावीच लागते.

उपचार मात्र चुकीच्या तर्कातून हाती लागला. थंडीत लवकर फुलणाऱ्या एका रानवेलीची पाने लालसर असतात. लाल रंग उष्णता जास्त शोषत असेल, तर रॉकेल लाल रंगवल्यास ते लवकर वाफ होऊन नीट जळेल, अशी कल्पना निघाली. प्रयोगशाळेत तेलात विरघळणारा लाल रंग नव्हता, आयोडिन होते. ते घातले आणि खणखणाट थांबला! मिजली इथे थांबले नाहीत. त्यांनी खरे लाल रंग मागवून घालून पाहिले. काही उपयोग झाला नाही. मग आयोडिनचेच एक बिनरंगी संयुग घातले, खणखणाट थांबला. रंगाचा काही संबंध नव्हता, गुण पदार्थाचा होता. आपल्या आवडत्या कल्पनेला स्वतःच असे खोटे ठरवणे सोपे नसते.

आयोडिन महाग होते आणि धातू खात होते. पुढची काही वर्षे एकामागून एक पदार्थ तपासले गेले. ॲनिलिन चालले, पण त्याला दुर्गंधी. सेलेनियम आणि टेल्युरियमची संयुगे चालली, पण टेल्युरियमचा लसणासारखा वास अंगाला असा चिकटे की घरचे लोक जवळ बसू देत नसत. अखेर मूलद्रव्यांच्या तक्त्यात नीट क्रमाने शोध घेत ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग इंजिनात घातले गेले. अगदी किंचित प्रमाणात ते पुरले. इंजिन शांत झाले.

अल्कोहोलनेही नॉकिंग थांबते हे मिजलींना माहीत होते. तशा मिश्रणावर त्यांनी स्वतः काम केले होते. पण अल्कोहोल बरेच घालावे लागे आणि ते कुणाच्याही मालकीचे नव्हते. शिसे चिमूटभर लागे आणि त्याचे हक्क कंपनीकडे राहत. आज आपल्याकडे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात तेव्हा शंभर वर्षांपूर्वी बाजूला ठेवलेला तो पर्यायच परत आलेला असतो.

फेब्रुवारी १९२३मध्ये डेटनच्या एका पंपावर शिशाचे पेट्रोल पहिल्यांदा विकले गेले. नाव ठेवले ‘एथिल’. शिसे हा शब्द नावात नव्हता.

आता पुन्हा व्हॉल्व्हकडे यावे लागते. चाचणीच्या इंजिनांची हेड उघडली तेव्हा ठिणगी पाडणाऱ्या प्लगवर आणि धूर सोडणाऱ्या व्हॉल्व्हवर शिशाच्या ऑक्साइडचे थर साचलेले दिसले. पातळ थर सीटचे रक्षण करतो, जाड पुटे मात्र व्हॉल्व्हला नीट मिटू देत नाहीत आणि तो जळतो. हा दोष घेऊन माल बाजारात टिकला नसता. मिजली आणि त्यांचे सहकारी यामागे लागले. त्यांनी ब्रोमिनचे एक संयुग शोधले, एथिलीन डायब्रोमाइड. ते शिशाबरोबर पेट्रोलमध्ये घातले की जळताना शिशाचे ब्रोमाइड तयार होते, त्या उष्णतेत त्याची वाफ होते आणि ते धुराबरोबर बाहेर निघून जाते. एवढे ब्रोमिन आणायचे कुठून, तर समुद्रातून. १९२५मध्ये चक्क एका जहाजावर कारखाना थाटून समुद्राच्या पाण्यातून ब्रोमिन काढण्याचा प्रयोग झाला.

अभियंत्याच्या नजरेने हा देखणा उपाय होता. डॉक्टरच्या नजरेने पाहिले तर व्हॉल्व्हवर साचू पाहणारे शिसे आता रस्त्यावरच्या हवेत सोडण्याची ती सोय होती. इंजिनाच्या व्हॉल्व्हवर शिशाचा काय परिणाम होतो याच्या चाचण्या झाल्या, माणसावर काय होतो याच्या झाल्या नाहीत. १९२२च्या अखेरीस अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या प्रमुखांनी हाच प्रश्न लेखी विचारला होता. मिजलींनी उत्तर दिले की या प्रश्नाचा गंभीरपणे विचार झाला आहे, पण प्रत्यक्ष प्रयोगातून माहिती गोळा केलेली नाही. तरीही रस्त्यावरच्या हवेत शिशाचे प्रमाण नगण्य राहील असा त्यांना विश्वास होता. लाल रंगाची कल्पना तपासल्याशिवाय न मानणारा हाच माणूस होता.

त्या वेळी स्वतः मिजलींना शिशाची बाधा झालेली होती. १९२३च्या सुरुवातीला ते काम सोडून मोकळ्या हवेसाठी फ्लॉरिडाला गेले.

साधे शिसे आणि टेट्राएथिल लेड यांत एक फरक आहे. साध्या शिशाची बाधा बहुधा हळूहळू होते. पोटात कळा येतात, बद्धकोष्ठता होते, रक्त कमी होते, हिरड्यांवर निळसर रेघ उमटते, मनगट लुळे पडते. टेट्राएथिल लेड मात्र चरबीत विरघळते, त्यामुळे धड कातडीतूनही आत शिरते आणि मेंदूपर्यंत जाते. रुग्णाची झोप उडते, भास होतात, तो हिंसक होतो, झटके येतात. न्यू जर्सीतल्या ज्या कारखान्यात ते बनत होते तिथले कामगार हवेत नसलेली फुलपाखरे हाताने झटकत. त्या इमारतीला लोक फुलपाखरांचे घर म्हणू लागले. ऑक्टोबर १९२४मध्ये त्याच राज्यातल्या दुसऱ्या कारखान्यात पाच कामगार काही दिवसांत दगावले आणि तीसहून जास्त जणांना रुग्णालयात हलवावे लागले. निरनिराळ्या कारखान्यांत मिळून किमान पंधरा माणसे गेली.

वर्तमानपत्रांत ओरड झाली. ३० ऑक्टोबर १९२४ रोजी मिजलींनी पत्रकारांसमोर ते द्रव हातावर ओतून घेतले आणि बाटली नाकाशी धरून मिनिटभर हुंगली. पत्रकारांना ते पटण्यासारखे वाटले असेल. पण शिशाची बाधा महिन्यांच्या आणि वर्षांच्या हिशेबाने होते. एका मिनिटाचा वास हा त्याचा पुरावाच नव्हे. आणि बाधा झालेल्या माणसाने ती बाधा लपवून असा खेळ करावा, हे त्यांच्या आयुष्यातले सर्वात न पटणारे दृश्य आहे.

मे १९२५मध्ये वॉशिंग्टनला परिषद भरली. औद्योगिक रोगांच्या जाणकार डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी तिथे स्पष्ट विरोध केला. त्यांचे म्हणणे कारखान्यापुरते नव्हते. रस्त्यावर रोज थोडे थोडे शिसे श्वासात जाणार, त्याची काळजी त्यांना होती. विक्री काही महिने थांबली. एका समितीने थोड्या अवधीत पाहणी केली, वाहनचालक आणि गॅरेजातले कामगार तपासले, बंदीसाठी पुरेसे कारण सापडत नाही असे सांगितले आणि पुढेही अभ्यास चालू ठेवण्याची शिफारस केली. १९२६मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली. पुढची चाळीसेक वर्षे हा अभ्यास मुख्यतः उद्योगाच्याच पैशावर झाला आणि त्याचा सूर एकच राहिला: थोडे शिसे शरीरात असतेच, एका मर्यादेपर्यंत ते निरुपद्रवी असते.

मिजली तोवर दुसऱ्या कामाला लागले होते. त्या काळचे फ्रिज विषारी किंवा पेट घेणाऱ्या वायूंवर चालत आणि गळती झाली की घरात माणसे मरत. १९२८मध्ये मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न पेटणारा, बिनविषारी वायू तयार केला. तोच पुढे फ्रिऑन म्हणून जगभर गेला. १९३०च्या एका सभेत त्यांनी तो फुप्फुसात भरून घेतला आणि फुंकून मेणबत्ती विझवली. या खेपेला प्रात्यक्षिकात खोट नव्हती. तो वायू उंच वातावरणात जाऊन ओझोनचा थर खाईल हे १९७४पर्यंत कुणाच्याच ध्यानात आले नाही, त्यामुळे त्याचा दोष मिजलींवर टाकणे अन्यायाचे. शिशाचे तसे नाही. तिथे इशारे आधी आले होते आणि ते वाचले गेले होते.

मानसन्मान येत राहिले. १९४१मध्ये अमेरिकन रसायनशास्त्राचा सर्वोच्च समजला जाणारा प्रिस्टली पुरस्कार मिळाला. त्याच्या आदल्याच वर्षी, एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांना पोलिओ झाला होता आणि पाय निकामी झाले होते. पोलिओवरची लस यायला अजून पंधरा वर्षे होती. अंथरुणातून कुणाच्या मदतीशिवाय उठता यावे म्हणून त्यांनी दोर आणि कप्प्यांची एक यंत्रणा बनवली. २ नोव्हेंबर १९४४ रोजी ते त्याच दोरांत गळा आवळून मृत झालेले सापडले. वय पंचावन्न. पुष्कळ ठिकाणी हा अपघात म्हणून सांगितला जातो. मृत्यूच्या नोंदीत मात्र आत्महत्या लिहिलेली आहे. दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या मनाकडे कोण लक्ष देत होते, हा प्रश्न त्या दोरांच्या चमत्कारिक गोष्टीत हरवून जातो.

१९६५मध्ये क्लेअर पॅटरसन या भूरसायनशास्त्रज्ञाने उद्योगाच्या म्हणण्याला छेद दिला. पृथ्वीचे वय मोजण्यासाठी शिशाचे अतिसूक्ष्म प्रमाण मोजायला ते शिकले होते. त्यांना दिसले की आजच्या माणसाच्या शरीरातले शिसे नैसर्गिक नाहीच, ते मानवी व्यवहारातून आलेले आहे. १९७९मध्ये अमेरिकेत लहान मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतले शिसे मोजले गेले. ज्यांच्या दातांत ते जास्त, त्यांची बुद्धिमापन चाचणीतली कामगिरी कमी आणि वर्गातले लक्षही कमी, असे आढळले. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवते, तिथे ते कित्येक वर्षे राहते आणि गरोदरपणात हाडांतून सुटून गर्भापर्यंत पोहोचू शकते. पोटात गेलेल्या शिशाचा जेवढा वाटा मोठ्या माणसाचे शरीर शोषते, त्याच्या चार-पाच पट लहान मूल शोषते. सुरक्षित म्हणता येईल अशी शिशाची कोणतीही पातळी आज मानली जात नाही.

जगातल्या पंपांवरून शिशाचे पेट्रोल पूर्ण जायला जुलै २०२१ उजाडला. शेवटचा देश अल्जीरिया. पण हवेतून खाली बसलेले शिसे सडत नाही की विरत नाही. जुन्या वर्दळीच्या रस्त्यांकडेच्या मातीत ते अजून आहे. आता आपल्याकडे शिशाच्या बाधेचे रुग्ण येतात ते जास्त करून जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्या कामातून, जुन्या रंगाच्या खरवडीतून, भेसळीच्या हळदीतून आणि धातूंची भस्मे असलेल्या काही औषधांतून. ज्या घरातला माणूस बॅटरीचे काम करतो, त्या घरातल्या लहान मुलाला पोटदुखी, रक्तक्षय, चिडचिड किंवा अभ्यासात अचानक मागे पडणे अशी तक्रार असेल तर रक्तातले शिसे तपासण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवू नयेत.

गॅरेजातल्या दोन सवयीही सांगायला हव्यात. नळी तोंडात धरून टाकीतले पेट्रोल ओढायचे आणि ग्रीसचे हात पेट्रोलने धुवायचे. २०००पूर्वी ज्यांनी हे वर्षानुवर्षे केले, ते मिजलींचे द्रव पाण्यासारखे वापरत होते. आता शिसे नाही, पण बेंझिन आहे. त्याने रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. शिवाय ओढताना पेट्रोलचा घोट फुप्फुसात गेला तर गंभीर न्यूमोनिया होतो. गिळले गेले तर उलटी करवू नये, थेट दवाखान्यात आणावे. हात धुवायला साबण आणि थोडा लाकडाचा भुसा पुरतो.

आणि ती जीप? तिच्यासाठी पेट्रोलमध्ये शिसे शोधायची गरज नाही. हेड उतरवून जुनी सीट कापायची, तिथे कठीण मिश्रधातूची सीट ठोकून बसवायची, व्हॉल्व्ह घासून घ्यायचा आणि टॅपेट सेट करायचे. हे काम होईपर्यंत दर हजारेक किलोमीटरला फट मोजत राहावे. ती कमी कमी होत असेल तर इंजिन कितीही शांत चालत असले तरी हेड उघडावे.